शेकोटीभोवती सगळ्यांना गायला कसं लावायचं, तेही स्पीकर न लावता

शेकोटी पेटली की बहुतेक ग्रुपमध्ये काय होतं ते आपल्याला माहितीये. एकजण गिटार काढतो, दोन-चार हिंदी गाणी होतात, मुखडा सगळ्यांना येतो आणि अंतरा कोणालाच नाही, मग कोणीतरी मोबाईलवर शब्द शोधतं, रेंज नसते, आणि शेवटी ब्लूटूथ स्पीकर बाहेर येतो. तिथे संपलं. त्यानंतर कोणी गात नाही, सगळे ऐकतात आणि अर्धे फोनमध्ये घुसतात.

ज्यांना हे जमलंय त्यांच्याकडून शिकू. रेनबो गॅदरिंग हा प्रकार काहींनी ऐकला असेल. 1972 साली अमेरिकेत कोलोरॅडोच्या जंगलात हिप्पी मंडळींनी पहिलं भरवलं, तेव्हापासून तिकडे दरवर्षी 4 जुलैच्या आसपास हजारो लोक कुठल्या ना कुठल्या सरकारी जंगलात जमतात, युरोपात ते 1983 पासून होतंय आणि तिथे अमावास्येला सुरू होऊन पुढच्या अमावास्येला संपतं, मधली पौर्णिमा म्हणजे मोठा दिवस. तिकीट नाही, स्टेज नाही, माइक नाही, आत कशाचीही विक्री नाही. जेवणाआधी सगळे हातात हात धरून गोलात उभे राहतात, गातात, ॐ लावतात, मग खाली बसून जेवतात. जेवण झालं की एक टोपी फिरते, ज्याला जमेल तसे पैसे टाकायचे म्हणजे पुढचा किराणा येतो, आणि टोपीबरोबर गाणारे-वाजवणारे फिरत असतात. रात्री जागोजागी शेकोट्या. एकमेकांची भाषा न येणारी माणसं तिथे तासन्‌तास एकत्र गातात. आणि ती काही गळ्यात सरस्वती घेऊन आलेली नसतात, आपल्यासारखीच बेसूर असतात. गाणी मात्र त्यांनी अशी धरलेली असतात की नवख्यालाही दुसऱ्या फेरीत तोंड उघडता यावं. माझं म्हणणं एवढंच आहे की "आमच्या ग्रुपला गाता येत नाही" हे बहुतेक वेळा खोटं असतं, गाणं चुकीचं निवडलेलं असतं. आता कसं करायचं ते बघू.

1. आधी जागा आणि बसायची पद्धत

उघड्या माळावर आवाज विरून जातो, परत यायला भिंत नसते, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं मी एकटाच गातोय आणि तो आवाज बारीक करतो, मग शेजारचा करतो, असं करत करत सगळं थंड. म्हणून पाठीमागे काहीतरी आडोसा बघा, कातळ, झाडांची रांग, बांध, काहीही. आणि खांद्याला खांदा लागेल असे बसा. वीस-पंचवीस लोक एका गोलात ठीक, त्याच्यापुढे सरळ दोन गोल करा, आतला-बाहेरचा. मोठा एकच गोल केला तर समोरच्याचा आवाज उशिरा आणि अर्धवट येतो, ताल तिथेच तुटतो.

आग मोठी नको. मोठी आग फोटोत छान दिसते पण लोक उष्णतेने मागे सरकतात, धूर होतो, घसा बसतो. बाभळीसारखं जड लाकूड, कमी ज्वाळा, जास्त निखारे. बांबू टाकायचा असेल तर आधी फोडून घ्या, बंद पेर आगीत फटाक्यासारखं फुटतं आणि निखारा कोणाच्या मांडीवर जाईल सांगता येत नाही.

आणि हो, किल्ल्यावर आणि राखीव जंगलात आग नाही म्हणजे नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत वणव्याचा सीझन असतो, तेव्हा खासगी शेतावरसुद्धा मालकाला विचारून, भोवतीचं गवत साफ करून मगच.

2. गाणी निवडणं (ऐंशी टक्के काम इथेच आहे)

दोन किंवा चार ओळींची गाणी घ्या. बस. रेनबोवाल्यांची बरीचशी गाणी एवढीच असतात, पृथ्वी, नदी, सूर्य, घरी आलो, असं काहीतरी, आणि ती पंधरा-वीस वेळा फिरतात. पहिल्या तीन फेऱ्यांत शब्द पाठ, पुढच्या पाच फेऱ्यांत सूर बसतो, आणि मग कोणीतरी वरचा सूर लावतं, कोणी खालचा, आणि मजा तिथून सुरू होते. तीन फेऱ्यांत थांबलात तर ही मजा कधी येणारच नाही.

आपल्याला हे काही परकं नाही, नामाचा गजर म्हणजे दुसरं काय आहे. दोन शब्द, टाळ, आणि लय वाढत जाते. तुमच्या ग्रुपला देवाचं नाव चालत असेल तर गजराइतकं सोपं काहीच नाही. चालत नसेल तर साधी ओळ तुम्हीच बनवा, त्याच दिवसाच्या चढावर, चहावर, हरवलेल्या चपलेवर. लोक हसत हसत गातात आणि लाज जाते.

थोडं लांब गाणं हवं असेल तर असं घ्या ज्यात कडव्यागणिक एकच ओळ बदलते. "हम होंगे कामयाब" शाळेत सगळ्यांनी म्हटलंय, त्याची चाल अमेरिकेतल्या चळवळीतल्या "वी शॅल ओव्हरकम" या गाण्याची. 1945 साली तिकडच्या चार्ल्स्टन शहरात तंबाखू कारखान्यातल्या कामगारांचा संप झाला, त्यांच्या तोंडी ते होतं, तिथून टेनेसीतल्या हायलँडर नावाच्या शाळेत गेलं, तिथून कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांच्या चळवळीत, आणि हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुरांचे. संपावर बसलेल्या थकलेल्या माणसाला कागद न बघता म्हणता यावं अशीच त्याची रचना आहे, एक ओळ कळली की पुढचं अख्खं कडवं येतं. गाणं निवडताना ही कसोटी लावा.

सिनेमाची गाणी नकोच असं नाही, पण ती सुरुवातीला दोन घ्या, गाडी गरम व्हायला. अंताक्षरी मात्र पहिल्या तासात अजिबात नको. अंताक्षरी बसमध्ये चांगली, शेकोटीला नाही, कारण त्यात दोन टीम पडतात, चार हुशार लोक खेळतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात.

3. पट्टी खाली ठेवा

सगळ्यात जास्त गाणी इथे मरतात. जो सुरू करतो तो उत्साहात वर सुरू करतो, दुसऱ्या ओळीला वरचा सा आला की पुरुष गप्प, बायका ताणून किंचाळतात, हशा, संपलं. सोपा उपाय, गाण्यातली सगळ्यात उंच ओळ आधी मनात किंवा तोंडातल्या तोंडात गुणगुणून बघा, ती आरामात लागली तरच त्या पट्टीत सुरू करा. ज्यांना पेटी कळते त्यांच्यासाठी, मध्य सा ते तार सा एवढाच आवाका असलेलं गाणं असेल तर पांढरी एक किंवा काळी एक. पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातात, ते जमतं. तुमचा गळा कितीही वर जात असला तरी इथे तो दाखवायची जागा नाही.

4. शिकवायचं कसं

भाषण करू नका. "हे गाणं अमुक जमातीचं आहे, याचा अर्थ असा आहे" हे सगळं नंतर, कोणी विचारलं तर. आधी एकदा पूर्ण म्हणून दाखवा. मग ओळ म्हणा, त्यांनी परत म्हणायची, दुसरी ओळ, परत. मग पूर्ण. बास.

पोवाड्यात झीलकरी असतात बघा, शाहीर ओळ टाकतो आणि मागचे दोघं-तिघं ती उचलून धरतात, शेकोटीलाही नेमके तेच लागतात. सुरू करण्याआधी ग्रुपमधल्या दोघा-तिघांना बाजूला घेऊन गाणं शिकवून ठेवा आणि त्यांना गोलात लांब लांब बसवा, तुमच्या शेजारी नाही. एक तिकडे, एक समोर, एक चुलीकडे. झील धरणारे पसरलेले असले की प्रत्येकाच्या कानाजवळ एक खात्रीचा आवाज असतो आणि तो ऐकून बाकीचे येतात. हे एवढं जरी केलं तरी तुमच्या कॅम्पचं गाणं बदलेल, खरंच सांगतो.

लांब गाण्यात ओळ येण्याआधी तिचे पहिले दोन शब्द चटकन बोलून द्यायचे, न गाता. अमेरिकेत लोकगायक पीट सीगर हजारोंच्या गर्दीला असंच गायला लावायचे. जमायला जरा सराव लागतो, कारण आधीची ओळ संपत असताना श्वास चोरून पुढचे शब्द टाकायचे असतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमटेंनी 1967 मध्ये सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी असो की सेवा दलाचं शिबीर, पोरं गाणी शिकतात ती शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच.

थोडा सराव झाल्यावर गोलाचे दोन भाग करा, दुसऱ्या भागाने एक ओळ उशिरा सुरू करायचं. पहिल्यांदा बोऱ्या वाजेल. वाजू दे.

5. वाद्यं

गिटारवाल्याला प्रेमाने सांगा की तू साथीला आहेस. तीन-चार साध्या कॉर्डवर चालणारं गाणं आणि हळू आवाज, मध्ये सोलो नको. गिटार आगीपासून पाच-सहा फूट तरी लांब ठेवा, उष्णतेने लाकूड सुकतं, जोड सुटू शकतात, आणि एका बाजूने गरम दुसऱ्या बाजूने दव, म्हणजे ट्युनिंग सारखं उतरतं.

डफाचं बरोबर उलटं. दव पडलं की कातडं ओलं होऊन ढिलं पडतं, आवाज भदभद येतो, थाप मारावी आणि काहीच होऊ नये असं. हलगीवाले मिरवणुकीच्या मध्येच कागद नाहीतर वाळलेलं गवत पेटवून त्यावर हलगी धरतात ते यासाठीच. निखाऱ्यावर हातभर उंच धरायचं, एका जागी न ठेवता गोल फिरवत राहायचं, मधूनमधून बोटाने टिचकी मारून ऐकायचं. आधी ढब, मग ढण्‌, आणि मग जो कडक खणखणीत आवाज येतो तिथे लगेच काढायचं, अजून थोडं म्हणून ठेवलंत तर कातडं फाटतं. दर अर्ध्या तासाने परत शेकावं लागतं, थंडीत तर लवकरच. जेंबेचं (हाताने वाजवायचा आफ्रिकन ढोल) बकऱ्याचं कातडं असेल तर तसंच, प्लॅस्टिकचं पान असेल तर चुकूनही आगीजवळ नेऊ नका, वितळेल.

काहीच वाद्य नसेल तर टाळ्या. आठ मात्रांचा केरवा सगळ्यांना जमतो, सहाचा दादरा टाळीवर लवकर घसरतो. टाळ्यांची एक खोड आहे, लय पळते. पळायला लागली की ओरडू नका, अर्ध्या लोकांना टाळीऐवजी मांडीवर थाप मारायला सांगा, जड थाप आपोआप मागे ओढते.

6. कोणी गायचं, कोणी नाही

एक काठी फिरवा. रेनबोच्या गोलात बोलायला काठी असते, ज्याच्या हातात तो बोलणार आणि बाकीचे ऐकणार, तीच गाण्याला वापरा. ज्याच्या हातात काठी तो गाणं सुचवणार, नाही सुचलं तर काही न बोलता पुढे द्यायची. "अरे म्हण ना, लाजतो काय" हे पूर्ण बंद. ज्याला नुसतं बसायचंय त्याला बसू द्या, असे लोक बहुतेक वेळा तासाभराने गायला लागतात, नाही लागले तरी काही बिघडत नाही. व्हिडिओ काढणंही बंद, कॅमेरा निघाला की बेसूर माणूस पहिला गप्प होतो, आणि आपल्याला नेमका तोच हवाय. दारूचं ज्याचं त्याने बघावं, पण पिऊन आलेला लय धरत नाही, पकडतो ती तुमची गिटार.

7. थांबवायचं कसं

वीस फेऱ्या झाल्या, आता संपवायचं कसं हा प्रश्न येतो, कारण कोणीच थांबत नाही. आपल्याकडे तयार उत्तर आहे, तिहाई. हात वर करा, शेवटची ओळ तीनदा म्हणा, तिसऱ्यांदा लय सोडून लांबवा. आरतीत लांब ताण घ्यायची सवय असलेल्या लोकांना हे न सांगता कळतं. त्यानंतर लगेच टाळ्या आणि "वन्स मोअर" नको, दहा-पंधरा सेकंद तसंच बसा.

तिकडच्या गोलात पाहुणे म्हणून जाणार असाल तर

गोव्यात पेडण्यातलं हरमल, ज्याला पर्यटक आरंबोल म्हणतात, तिथे सीझनमध्ये संध्याकाळी किनाऱ्यावर सूर्य बुडताना ड्रम सर्कल बसतं, जेंबे, टाळ, कोणीही. तिथे गेलात तर आधी पाच मिनिटं नुसतं ऐका, मूळ ठोका कोणाचा आहे ते शोधा आणि तोच वाजवा, त्याच्यावर कलाकारी नंतर. कधी जर्मन, इस्राएली मंडळी "नमः शिवाय" वगैरे गिटारवर म्हणताना भेटतील, उच्चार ऐकून आपल्याला खाज सुटते, मला तर फारच सुटते, पण गोलात उच्चार दुरुस्त करू नका. सरळ आपल्या उच्चारात शेजारी बसून म्हणा, कान असलेला उचलतो. आणि तुमच्याकडचं एखादं छोटं गाणं घेऊन जा, एखाद्या अभंगाचं ध्रुपद, ओवीची एक ओळ, काहीही दोन ओळींचं. लोक ते मागतातच, आणि तेव्हा आपल्याला फक्त सिनेमाचं आठवतं.

दहानंतर

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरच नाही तर वाद्यंही वाजवता येत नाहीत. कॅम्पच्या जवळ गाव, वाडी, गोठा असेल तर कायद्याआधी माणुसकी म्हणून दहाला डफ-गिटार बाजूला ठेवा. यानंतर नुसत्या गळ्याने, खालच्या आवाजात, संथ गाणी घ्या, चालेल, उलट पट्टी खाली ठेवायचा सराव इथेच होतो. घशासाठी कोमट पाणी जवळ ठेवा, थंड सरबत नको, आणि वारा फिरला की धुराच्या बाजूच्यांना उठून जागा बदलू द्या, नाहीतर सकाळी त्यांचा आवाज बसलेला असतो.

झोपायला जाणाऱ्यांचे तंबू गोलापासून लांब लावा, हे दुपारीच ठरवा. सगळ्यात शेवटी उठणारे दोघं कोण ते आधीच नेमा, पाण्याची बादली त्यांच्या जवळ ठेवा. निखाऱ्यांवर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, परत ओतायचं, आणि पालथा हात राखेच्या वर धरून बघायचा, ऊब लागली तर आणखी पाणी. रेनबोची काठी ढवळायला वापरू नका, उद्या परत लागते.