घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या फोनचं, अकाउंटचं आणि फोटोंचं काय करायचं

घरातलं माणूस जातं तेव्हा दहाव्याचं कोण बघणार, गुरुजींना कोण सांगणार, अस्थी नाशिकला न्यायच्या की आळंदीला, हे सगळं सांगायला चार जाणती माणसं घरात असतात. पण टेबलावर ठेवलेला त्यांचा फोन मधेच वाजतो, त्यावर गुड मॉर्निंग येत राहतात, त्याचं काय करायचं ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून हे लिहितेय. यातलं निम्मं माणूस हयात असतानाच करायचंय, नंतर ते होतच नाही, पण ज्यांच्यावर वेळ आलीच आहे त्यांच्यासाठी आधी नंतरचं सांगते.

सगळ्यात पहिलं म्हणजे सिमकार्ड बंद करू नका. "आता कशाला रिचार्ज" असं म्हणून लोक सोडून देतात आणि मग बँक, गॅस, विमा, इन्कम टॅक्स सगळीकडचा ओटीपी त्याच नंबरवर जातोय हे कळतं. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो, आणि मग नातेवाइकांच्या फोनमध्ये "बाबा" नावाखाली कुठल्यातरी अनोळखी पोराचा डीपी दिसायला लागतो. हे बघून आई किती हलते ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. त्यामुळे रिचार्ज चालू ठेवा, मृत्यूचा दाखला हातात आला (नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते) की कंपनीच्या दुकानात जाऊन नंबर वारसाच्या नावावर करून घ्या. व्हॉट्सॲपचं पण बघा, साधारण १२० दिवस ते वापरलंच गेलं नाही तर अकाउंट डिलीट होतं.

पण नंबर चालू आहे, पिन माहीत आहे म्हणून त्यांच्या यूपीआयवरून पैसे काढायचे नाहीत, अगदी अंत्यविधीच्या खर्चासाठी सुद्धा नाही. बँकेला कळवायचं, नॉमिनीने क्लेम करायचा. नंतर भावाभावांत जी भांडणं होतात त्यातली बरीचशी या "तेव्हा घाईत काढले" मधून सुरू होतात. टॅक्स रिटर्न भरायचं राहिलं असेल तर वारस म्हणून ई-फायलिंग पोर्टलवर वेगळी नोंदणी करता येते, आणि आधारसाठी मायआधार पोर्टलवर कुटुंबातल्या व्यक्तीच्या मृत्यूची माहिती द्यायची सोय २०२५ पासून आहे.

आता खरा अवघड भाग. फोन उघडलात, तर वाचायचं किती?

माझं मत स्पष्ट आहे, कामाचं तेवढंच बघा. बँकेचे मेसेज, विम्याचे मेल, कोणाचे पैसे द्यायचे-घ्यायचे होते ते, डॉक्टरांची कागदपत्रं, फोटो. चॅट वाचत बसू नका. कारण चॅट काही एकट्या गेलेल्या माणसाचं नसतं, समोर कोणीतरी असतं ना. मावशीने आईला स्वतःच्या घरातलं जे सांगितलं ते आईला सांगितलं होतं, तुम्हाला नाही, आणि मावशी अजून आहे. बाबांना त्यांच्या मित्राने आजारपणाचं लिहिलं असेल, कर्जाचं लिहिलं असेल. आणि समजा आपल्याबद्दलच रागाच्या भरात लिहिलेलं काही सापडलं तर ते विचारायला समोर माणूसच नाही, ते आयुष्यभर घेऊन फिरायचं. म्हणून शक्यतो दोघांनी मिळून फोन उघडा, काय शोधतोय ते आधी ठरवा आणि तेवढं झालं की ठेवून द्या.

आवाज मात्र जपा. फोटो सगळेच जपतात, आवाज जातो. व्हॉट्सॲपवर चॅट उघडून मेनूतून एक्सपोर्ट चॅट केलं आणि मीडियासकट घेतलं तर व्हॉइस नोट पण येतात, फक्त त्यात अलीकडचे साधारण १०,००० मेसेजच बसतात, त्यामुळे जुन्या नोट चॅटमध्ये वर जाऊन एकेक करून वेगळ्या सेव्ह करा. हे चॅट न वाचता होतं, तुमचं आणि त्यांचं जे चॅट आहे ते तुमच्याच फोनवरून करा. एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक भावंडांपैकी कोणाकडे.

फेसबुकवर प्रोफाइल मेमोरियलाइज करता येतं. मग नावाशेजारी आठवणीची खूण येते आणि वाढदिवसाची आठवण लोकांना जात नाही. हे नाही केलं तर दरवर्षी शाळेतले जुने मित्र, ज्यांना बातमीच नाही, ते "हॅपी बर्थडे दादा, पार्टी कधी" लिहितात आणि वहिनी ते वाचते. इन्स्टाग्रामवर पण हीच सोय आहे, दाखला किंवा तसा पुरावा द्यावा लागतो.

गूगल तुम्हाला पासवर्ड देत नाही, कितीही दाखले दिले तरी. आणि दोन वर्षं वापरात नसलेली अकाउंट डिलीट करायचं धोरण त्यांनी २०२३ मध्ये आणलं, म्हणजे वीस वर्षांचे फोटो कोणी उघडलेच नाहीत तर जाऊ शकतात. म्हणून हे हयात असतानाच करायचं: गूगल अकाउंटमध्ये डेटा आणि प्रायव्हसीच्या पानावर इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, २०१३ पासून आहे पण फारसं कोणी वापरत नाही. त्यात अकाउंट किती महिने वापरलं गेलं नाही की डेटा पुढे द्यायचा, ३, ६, १२ की १८, ते ठरवायचं, तो घेणारी जास्तीत जास्त १० माणसं निवडायची, आणि कोणाला काय मिळावं ते वेगवेगळं सांगता येतं. मुलीला फोटो द्या, मेल कोणालाच देऊ नका, असं सुद्धा. मला ही सोय याचसाठी आवडते की त्यात नाही म्हणायचा हक्क माणसाकडेच राहतो. ॲपलच्या फोनला लेगसी कॉन्टॅक्ट आहे, म्हणजे आपल्यामागे अकाउंट बघायला आपणच नेमलेली माणसं, पाच जणांपर्यंत, त्यांना एक ॲक्सेस की म्हणजे कोड मिळतो, तो मृत्यूच्या दाखल्याबरोबर लागतो, त्याची प्रिंट काढून ठेवा. फेसबुकचा लेगसी कॉन्टॅक्ट प्रोफाइल सांभाळू शकतो पण मेसेज वाचू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्या २०२३ च्या डेटा कायद्यात पण आपल्यामागे आपले हक्क वापरायला नॉमिनी नेमायची तरतूद आहे.

बातमी टाकण्याबद्दल एकच कळकळीची विनंती. घरच्यांनी टाकेपर्यंत ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली टाकू नका. मुलगी न्यू जर्सीत झोपलेली असते, भाऊ तिला उठवून नीट सांगायची वाट बघत असतो आणि तिला सकाळी ते सोसायटीच्या किंवा गावच्या ग्रुपवर दिसतं, फुलांच्या फ्रेममध्ये. शेवटच्या दर्शनाचे फोटो स्टेटसला ठेवायचे नाहीत. ज्याला येता येत नाही त्याला व्हिडिओ कॉल लावा, घरच्यांना विचारून.

आणि आता एआयचं. गेलेल्या माणसाचा फोटो हलवून देणारे, आवाज बनवून देणारे ॲप आलेत. तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री करुणानिधी २०१८ मध्ये गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा एआय व्हिडिओ त्यांच्या द्रमुक पक्षाच्या कार्यक्रमात भाषण करत होता. घरात वर्षश्राद्धाला कोणीतरी हौसेने आजोबांना बोलतं करेल, तर आधी आजीला विचारा. जुना खराब फोटो साफ करणं वेगळं. जे शब्द ते कधी बोललेच नाहीत ते त्यांच्या तोंडी घालायचे नाहीत, मग ते कितीही गोड असोत.

राहिला प्रश्न हे आईबाबांकडे काढायचं कसं. "असलं अभद्र बोलू नकोस" हे ऐकायची तयारी ठेवा. त्यांना काही करायला न सांगता आधी तुमच्या फोनमध्ये तुमचं करा, त्यांच्यासमोर बसून, "माझं काही झालं तर फोटो तुझ्याकडे येतील बघ" असं दाखवत. मग बहुतेक वेळा तेच विचारतात की माझं पण करून दे. करताना दोनच प्रश्न विचारा, कोणाला काय द्यायचं आणि काय कोणी बघायचं नाही, आणि दुसऱ्याचं कारण विचारू नका. फोनचा पिन आणि मेलचा पासवर्ड त्यांच्याच हाताने कागदावर लिहून पाकिटात बंद करून एलआयसीच्या कागदांबरोबर कपाटात ठेवायला सांगा, आणि पिन बदलला की पाकीटही बदलायचं.