जुना एअर पंप पुन्हा सुरू करताना या चुका टाळा

फिशटँकचा जुना एअर पंप हाती आला की बहुतेक जण आधी प्लग लावून बघतात. चालतोय की नाही, एवढंच बघायचं असतं. पण वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या पंपाचं सगळ्यात जास्त नुकसान याच घाईत होतं. वायरीचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, बेअरिंगमधलं तेल सुकून चिकट झालेलं असतं, डायफ्रॅम, म्हणजे हवा ढकलणारा रबरी पडदा, झडपेला चिकटलेला असतो. अशा पंपाला थेट वीज दिली की जे भाग अजून धड होते तेही जातात. शिवाय पत्र्याच्या किंवा ओतीव धातूच्या बॉडीचे अनेक जुने पंप दोनच तारांच्या वायरवर चालायचे. त्यांना अर्थिंग नसतं, त्यामुळे आतली सुटलेली तार बॉडीला टेकली तर तो पंप हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

म्हणून आधी पंप उघडा आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पंपात दोन वेगळे मार्ग असतात, एक विजेचा आणि एक हवेचा. बिघाड कोणत्या मार्गात आहे हे ठरवल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर पुढे चालवायचा नाही. पंप गुणगुणतो पण हवा येत नाही, तर कॉइलला, म्हणजे विजेच्या तारेच्या गुंडाळीला, हात लावायचं कारणच नाही. तरीही हवा येत नाही म्हणून कॉइल उकलून बसलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्या कॉइल शाबूत होत्या.

प्लेट न वाचता वीज देणं

बॉडीखालच्या छोट्या प्लेटवर किंवा ठशावर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते. ११० किंवा १२० व्होल्टचा पंप २३० व्होल्टला लावला तर कॉइल थोड्याच वेळात जळते. हे बहुतेकांना माहीत असतं. फ्रिक्वेन्सीकडे मात्र दुर्लक्ष होतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. ६० हर्ट्‌झसाठी बनलेला मोटारीचा पिस्टन पंप ५० हर्ट्‌झवर सुमारे पाच-षष्ठांश वेगाने फिरतो आणि जास्त तापतो. १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झची मोटार ५० हर्ट्‌झवर चालवायची असेल तर तिला साधारण १०० व्होल्ट दिलेले बरे, म्हणजे गाभ्यावरचा (कॉइलमधल्या लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्यावरचा) चुंबकीय ताण मूळ पातळीवर राहतो. थरथरणाऱ्या, म्हणजे व्हायब्रेटर पंपात डायफ्रॅम हलवणाऱ्या दांडीची स्प्रिंग किंवा रबर ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेलं असतं. फ्रिक्वेन्सी बदलली की हवा कमी येते आणि घरघर वाढते. तिथे बिघाड शोधत बसण्यात अर्थ नाही.

वायरीवर टेप गुंडाळून वेळ मारून नेणं

जुनी वायर वाकवून बघा. आवरणाला भेगा पडल्या किंवा त्याचा चुरा हातात आला तर ती पूर्ण बदला. टेपच्या आतली वायर पुढेही तडकतच राहते. बॉडी धातूची असेल तर तीन तारांची वायर टाका आणि अर्थची तार स्वतंत्र स्क्रूने बॉडीला जोडा. त्या जागेचा रंग खरवडून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला. रंगावर घट्ट केलेला स्क्रू दिसायला चांगला, पण त्यातून अर्थिंग मिळेलच असं नाही. वायर बॉडीत शिरते त्या भोकाला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी रिंग) हवाच, आणि आत वायर ओढली जाणार नाही अशी पकडही हवी. ग्रोमेट नसेल तर थरथरणारी बॉडी काही महिन्यांत नवं आवरणही कापते.

मग कॉइल तपासा. मल्टिमीटरवर दोन टोकांत रेझिस्टन्स दिसला म्हणजे तार अखंड आहे, इतकंच कळतं. कॉइलचं इन्सुलेशन शाबूत आहे की नाही हे मल्टिमीटर सांगू शकत नाही, कारण त्याचं स्वतःचं व्होल्टेज फारच कमी असतं. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशन मोजणारं मीटर, लागतो. कॉइल आणि गाभा यांच्यात किमान १ मेगाओहम यायला हवा. कोरडी, चांगली कॉइल याच्या कितीतरी पट दाखवते. आकडा कमी आला तर लगेच निराश होऊ नका. पुष्कळदा फक्त ओल धरलेली असते. ५०-६० अंश सेल्सिअसच्या कोरड्या उबेत काही तास ठेवून पुन्हा मोजा. तरी आकडा वर चढला नाही तर कॉइल नव्याने गुंडाळून घ्या, मधला मार्ग नाही. मेगर नसेल तर हे काम मोटार वाइंडिंग करणाऱ्याकडून करून घ्या.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज लॅम्प वापरा. तारेचा जुना ४० किंवा ६० वॉटचा बल्ब पंपाच्या मार्गात घालायचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. छोटा व्हायब्रेटर पंप जेमतेम काही वॉट घेतो, त्यामुळे पंप ठीक असेल तर बल्ब पेटत नाही किंवा अगदी मंद लाल होतो. तो लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे. बॉडीत उतरणारी वीज मात्र या चाचणीत दिसेलच असं नाही, म्हणून मेगरची चाचणी टाळू नका.

हवा येत नाही म्हणून डायफ्रॅमला दोष देणं

आता हवेचा मार्ग. पन्नास टक्के सोडा, त्याहून जास्त वेळा दोष इथेच असतो असं मी छातीठोकपणे म्हणेन, आणि त्यातही डायफ्रॅमपेक्षा झडपांमध्ये. झडप म्हणजे बहुतेक पंपांत रबराचं एक पातळ पान, भोकावर सपाट टेकलेलं. एक पान हवा आत घेतं, दुसरं बाहेर सोडतं. वर्षानुवर्षं दाबून राहिल्याने पानाची कड वर वळते किंवा त्यावर भोकाचा गोल ठसा उमटतो. बैठकीवर केसाएवढा धुळीचा कण अडकला तरी हवा आल्या वाटेने परत जाते.

तपासायला एक रिकामी सिरिंज पुरे. छोट्या नळीने ती पंपाच्या हवेच्या तोंडाला जोडा. दट्ट्या मागे ओढा: हवा सहज यायला हवी. आता तोच दट्ट्या आत ढकला: तो अडायला हवा, बोटाला स्पष्ट विरोध जाणवायला हवा. ढकलतानाही सरकत गेला तर बाहेरची झडप गळते आहे. मग ते तोंड बोटाने बंद करून पंपाची दांडी हाताने दाबा. आतली हवा कोंडून दांडी अडखळली तर उत्तम. ती सहज खाली गेली तर हवा आतल्या झडपेतून, डायफ्रॅममधून किंवा गॅस्केटमधून (जोडातल्या सीलमधून) निसटते आहे. आता शोध तेवढ्यापुरताच उरला. तोंडाने फुंकून बघू नका, जुन्या पंपात काय साठलं आहे हे माहीत नसतं.

झडपेचं पान कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पुसा, सावलीत वाळवा. बैठक कापसाने स्वच्छ करा. पान वळलेलं असेल पण रबर मऊ असेल तर ते उलटवून बसवता येतं. कडक झालं असेल तर बदला.

डायफ्रॅम उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी हलका ताणा. मधल्या वॉशरच्या कडेला बारीक, वर्तुळाकार भेगा उघडतात का ते पाहा. रबर सतत वाकतं ते तिथेच. कायम चुंबक लावलेल्या दांडीचा पंप ५० हर्ट्‌झवर सेकंदाला ५० वेळा हलतो, म्हणजे दिवसाला ४३ लाख २० हजार वेळा. चुंबक नसलेली साधी लोखंडी दांडी असेल तर ती वीज उलटसुलट होण्याच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा ओढली जाते, म्हणजे हा आकडा दुप्पट. एवढी वाकवाकवी सोसणाऱ्या रबराला सोल्युशन लावून ठिगळ मारणं म्हणजे दोन दिवसांची मलमपट्टी.

नवा डायफ्रॅम मिळाला नाही तर पातळ रबर शीटमधून कापता येतो, आत नायलॉनचं अस्तर असलेली शीट असेल तर फारच चांगलं. जाडी जुन्याइतकीच घ्या, व्हर्नियरने मोजून. जाड रबर जास्त टिकेल असं वाटतं, पण दांडी पुरेशी हलत नाही आणि हवा उलट घटते. भोकं ब्लेडने कापू नका, गोल पंचने पाडा. ब्लेडने पडलेला छोटासा कोपरा हीच पुढच्या फाटीची सुरुवात असते. बसवताना रबर ताणायचं नाही, आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करत जायचे. ओतीव जस्ताच्या बॉडीत किंवा बेकेलाइटमध्ये (जुन्या कडक प्लास्टिकमध्ये) जास्त जोर लावला की आटे जातात, आणि ते परत आणणं फार त्रासाचं काम आहे.

रबराला खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका. नैसर्गिक रबर त्याने फुगतं. कडेला लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरे, आणि भाग सिलिकॉन रबराचा असेल तर तेही नको.

पिस्टन पंपात दिसेल तिथे तेल ओतणं

जुने पिस्टन पंप सुंदर यंत्रं आहेत. छोटी मोटार, पट्टा, जड चाक आणि हळूहळू वरखाली होणारा पितळी पिस्टन. त्यांचा आवाजही व्हायब्रेटरपेक्षा कितीतरी शांत. पण तेलाच्या बाबतीत ते फार हळवे असतात. बेअरिंगला इलेक्ट्रिक मोटारीसाठीचं पातळ मशीन ऑइल लागतं, तेही एक-दोन थेंब. खाद्यतेल काही आठवड्यांत चिकट थर बनवून चाक जाम करतं. गंज सोडवणारा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. तो उडून जातो आणि जाताना असलेलं तेलही धुऊन नेतो. इंजिन ऑइलही नको.

पिस्टनवर काय आहे ते नीट बघा. सायकलच्या पंपात असतो तसा चामड्याचा वॉशर असेल तर तो वाळून आक्रसलेला असणार. फेकू नका. हलक्या खनिज तेलात रात्रभर बुडवून ठेवा, बाहेर काढून नीट पुसा, बोटांनी कडा हलकेच बाहेर फाकवून बसवा. बऱ्याचदा पंपाला दम परत येतो. पण पिस्टन ग्राफाइटचा असेल तर त्याला तेलाचा थेंबही लावायचा नाही. तो कोरडाच चालतो, तेलात ग्राफाइटची भुकटी मिसळून चिकट लगदा होतो.

पिस्टनला लावलेलं तेल हवेबरोबर टाकीत जातं. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की समजा, तेल जास्त झालं. तवंगामुळे पाणी आणि हवा यांच्यातली वायूंची देवाणघेवाण मंदावते, आणि पंप लावला तो नेमका त्याचसाठी. मध्ये एक छोटी बंद बाटली घाला: पंपाची नळी तळापर्यंत, टाकीकडची नळी झाकणाजवळ, मध्ये सैल कापूस. कापूस पिवळा पडला की बदला.

पट्टा फार ताणू नका. घसरणार नाही इतकाच ताण हवा, नाहीतर बेअरिंग एका बाजूने झिजतं.

चकाचक करण्याच्या नादात

बेकेलाइटला अ‍ॅसिटोन किंवा खरखरीत पावडर लावली की वरची चमक कायमची जाते. ओल्या कापडाने पुसा, कोरडं करा, थोडं मेण चोळा. तडा गेला असेल तर इपॉक्सीने जोडा. गरम करून सांधण्याचा प्रयत्न करू नका: १९०९ साली पेटंट मिळालेलं हे प्लास्टिक एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, फक्त करपतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरड्या पॉलिश पेपरने घासून धूळ उडवू नका. कॉइलच्या गाभ्याच्या पत्र्यांच्या कडाही कानशीने घासायच्या नाहीत. पत्रे एकमेकांपासून पातळ थराने वेगळे ठेवलेले असतात, घासल्याने ते कडेला जोडले जातात आणि गाभा तापायला लागतो. गंज ब्रशने झटकून वार्निशचा हात द्या. चुंबकावर हातोडी नको, आणि काढण्याआधी कोणती बाजू वर होती याची खूण करा.

आवाज

गुणगुण चालेल, खडखड नाही. खडखड आली तर दांडी गाभ्यावर आपटते आहे. मधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते पाहा. बाकी आवाज बहुतेक सैल स्क्रूंचा, कडक झालेल्या रबरी पायांचा किंवा खालच्या नमद्याच्या फिल्टरचा. तो फिल्टर धुळीने गच्च झाला की पंपाला श्वासच घेता येत नाही.

टाकीला जोडताना

तळहातावर हवा जोरात लागली म्हणजे पंप झाला, असं समजू नका. दर १० सेंटिमीटर पाण्यामागे हवेला साधारण १ किलोपास्कल दाब लागतो. ४० सेंटिमीटर खोल टाकीला ४ किलोपास्कल, वर एअर स्टोनचा (बुडबुडे बारीक करणाऱ्या सच्छिद्र दगडाचा) विरोध वेगळा. मोकळ्या हवेत फुरफुरणारा पण खोल पाण्यात गप्प होणारा पंप म्हणजे कुठेतरी गळती. आणि एअर स्टोन शेवाळाने बुजलेला असेल तर दोष पंपाचा नाहीच, आधी तो बदलून बघा.

बुडबुडे जास्त वाटले तर नळी चिमटीने आवळू नका. कोंडलेला दाब डायफ्रॅम फाडतो. नळीत टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, घालून जादा हवा बाहेर सोडा.

पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा सोडणारी झडप) घाला, बाण टाकीकडे. वीज गेली की सायफनने पाणी उलटं पंपात येतं, आणि आधी केलेली सगळी मेहनत एका रात्रीत पाण्यात. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारा थेंब झोळावरून खाली पडतो. ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या सर्किटवरच पंप लावा. ते नसेल तर जुना पंप टाकीवर लावूच नका.

माशांकडे नेण्याआधी पंप बादलीवर एक पूर्ण दिवस चालवा, टाकीइतक्याच खोलीवर. मध्ये मध्ये प्लग काढून कॉइलजवळ हात लावा. कोमट चालेल, चटका बसला किंवा वार्निशचा वास आला तर बंद करून मागे जा. सायंकाळचे बुडबुडे सकाळइतकेच असतील तर पंप टाकीसाठी तयार आहे. काढलेला जुना डायफ्रॅम आणि झडपांची पानं कागदाच्या पाकिटात, वर पंपाचं नाव आणि जाडीचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी माप त्यांच्यावरूनच घ्यायचं आहे.