होमस्टेडच्या फायलीतून प्रेअरीवरचं कुळ शोधताना

तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या गॅलिशियातून कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात आलेल्या युक्रेनियन घराण्याचा माग आडनावावरून काढायला गेलात तर हमखास अडकाल. कारकून कानावर पडेल तसं नाव लिहीत. वंशही कधी ऑस्ट्रियन, कधी रुथेनियन (युक्रेनियनांचं जुनं नाव). त्यापेक्षा जमीन धरा, म्हणजे होमस्टेड: वस्ती करून कसण्याच्या अटीवर सरकारने दिलेली जमीन.

आधी १९०६, १९१६ किंवा १९२६ ची प्रेअरी प्रांतांची जनगणना पाहा. तिथे बहुधा जमिनीचा पत्ता, म्हणजे सेक्शन, टाउनशिप, रेंज (टाउनशिपांची उभी ओळ) आणि मेरिडियन (जिथून रेंज मोजतात ती उभी रेषा) मिळतं. टाउनशिप म्हणजे जमिनीचा मोठा चौरस, त्यात ३६ सेक्शन. सेक्शनांचे क्रमांक आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात आणि नागमोडी वर जातात. मेरिडियन चुकलं की थेट दुसऱ्याच जिल्ह्यात पोचता.

मग सास्काचेवानच्या प्रांतिक अभिलेखागारातून होमस्टेडची फाइल मागवा. १० डॉलर भरून १६० एकरांसाठी केलेला अर्ज तिच्यात असतो, पण खरा ऐवज म्हणजे मालकीहक्क मागतानाचं शपथपत्र: कोणत्या वर्षी किती एकर नांगरले, गुरं किती, घर केवढं, कुटुंबात माणसं किती. साक्षीदार शेजाऱ्यांची नावंही उतरवून घ्या. पुष्कळदा ते एकाच गावचे किंवा सोयरे निघतात.

मालकीहक्क मिळालेल्यांच्या यादीत नाव नाही म्हणून शोध सोडू नका. जमीन सोडून गेलेल्यांची नावं त्या यादीत येत नाहीत, फाइल मात्र असू शकते.