तळ्यांचे गट पाडताना आधी खडक बघा

तळ्यांच्या अभ्यासात नव्याने येणारी मुलं हमखास विचारतात, "ताई, पाणी तपासायला मीटर कोणता घेऊ?" मी म्हणते, आधी भूशास्त्रीय नकाशा घे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश'वर तो बघता येतो.

हे शहाणपण मला उशिरा आलं. एमएस्सीच्या प्रबंधात मी तलाव जिल्ह्यांप्रमाणे लावले होते आणि नागपूरच्या गटाचे आकडे काही केल्या जुळेनात. जुळणार कसे? जिल्ह्याच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट आणि पूर्वेला त्याच्याहून कितीतरी जुने ग्नाइससारखे खडक. जिल्ह्याची हद्द माणसाने आखली, पाण्याला तिचं काय?

पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, एकदा स्वतःच्या हाताने मोजा. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्यात साचलेल्या डबक्याचं पाणी मी घेतलं, मिथिल ऑरेंज घातलं, आम्ल सोडलं. पाच-सहा थेंबांत पिवळ्याचं नारिंगी! नंतर बेसाल्टवरच्या एका तलावाचं पाणी लावलं. ब्युरेटमधली पातळी उतरत होती, पण रंग बदलायला तयार नाही. खडक पाण्यात उतरलेला असतो म्हणजे काय, ते मला त्या दुपारी समजलं.

मग प्रश्नच बदलतो. हे तळं चांगलं की वाईट, असं नाही. या मुलखातलं तळं मुळात कसं असतं, असं विचारायचं. अमेरिकेत फ्लोरिडाचे १९९७ साली ४७ सरोवर-प्रदेश, म्हणजे सारख्या तळ्यांचे पट्टे, पाडले, ते याचसाठी. जिथे जमिनीतच फॉस्फेट आहे तिथलं तळं हिरवट असणारच. वाळूच्या उंचवट्यावरच्या नितळ तळ्याची फूटपट्टी त्याला लावणं अन्याय आहे. आपल्या लोणार सरोवराचा सामू (pH) दहाच्या आसपास असतो. सरसकट निकष लावला तर ते नापास! म्हणून लोणार कुठल्याही गटात कोंबू नका, त्याला एकटंच राहू द्या.

भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव माणसांनी, त्यातही बरेचसे कोहळी समाजाने बांधलेले. ते नैसर्गिक प्रदेशात धरायचे का? माझ्या मते धरायचेच. पाळ माणसाने घातली, पण पाऊस, उतार आणि माती तिथलीच. तिथे गेलात की ढीवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या मंडळींजवळ बसा. तलाव वेगळा, बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं वेगळं. देवधान (रानटी भात) कुठे उगवतं आणि बेशरम हे तण कुठे माजलं, हे सगळं त्यांना पाठ असतं. माझ्या नकाशातल्या दोन रेषा अशा बोलण्यातूनच सरकल्या.

बाकी क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर महिनाभरात हाताखाली येतं, त्याची धास्ती नको. नमुन्याची वेळ मात्र सांभाळा. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे सकाळचा सामू दुपारी चढतो. एक तलाव सात वाजता आणि दुसरा दोन वाजता मोजलात, तर गट तळ्यांचे पडणार नाहीत, घड्याळाचे पडतील.