पावसाळ्यात जोडा, दसऱ्यानंतर रंगवा: जुन्या गाड्यांची मॉडेल किट

पुण्यात राहून प्लास्टिकचे सुटे भाग जोडून छोट्या गाड्या करायचा हा छंद करायचा असेल तर कॅलेंडर बघून रंगाचा कॅन हातात घ्या. मी नाही बघितलं. पहिलंच किट, १/२४ ची (म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी) फोक्सवॅगन बीटल, जुलै महिना, बाहेर भुरभुर चालू आणि मी बाल्कनीत काळ्या लॅकरचा (थिनरवाल्या, झटपट वाळणाऱ्या रंगाचा) कॅन घेऊन उभा. दहा मिनिटांत चकचकीत काळ्या गाडीवर दुधाची साय धरल्यासारखं झालं. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेत ओल असली की त्यावर बारीक दव धरतं आणि रंग पांढरट पडतो. असं झालं तर पुसत बसू नका, कोरड्या दिवशी वरून त्याच लॅकरचा एक हलका हात मारला की बहुतेक वेळा साय जाते. मी तेव्हा पुसली, म्हणून नंतर सगळी बॉडी घासायला लागली.

तेव्हापासून माझं ठरलंय, पावसाळ्यात कापायचं, घासायचं, चिकटवायचं, आणि बॉडीचा रंग दसऱ्यानंतर.

किट घेताना १/२४ किंवा १/२५ बघा. चार मीटरची गाडी १/२४ मध्ये साधारण १७ सेंटिमीटरची होते, शोकेसमध्ये नीट बसते. पहिल्यांदा करताय तर टामिया या जपानी कंपनीची १९६६ ची बीटल किंवा मिनी कूपर घ्या, भाग एकमेकांत पटकन बसतात, जुन्या अमेरिकन किटांवर घासाघासी जास्त असते.

किटमधले भाग प्लास्टिकच्या चौकटीला (तिला स्प्रू म्हणतात) जोडलेले येतात, ते तोडताना हाताने पिरगाळू नका. कटरने आधी लांबून, मग जवळून, असे दोन वेळा कापा, राहिलेला टवका ब्लेडने सपाट करा. बॉडीवर साच्याच्या बारीक रेघा असतात, मडगार्डवर आणि छताच्या कडेला बोट फिरवलं की कळतात, त्या ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं करून घालवा. वॉटर पेपर रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतो, हॉबीच्या नावाने विकत घेतलात तर उगाच महाग पडतो. दाराच्या फटी रंगाने भरून जातात, म्हणून रंगाआधीच सुईच्या टोकाने हळूहळू एकदोनदा खोल करून घ्या.

चिकटवायला प्लास्टिक सिमेंट वापरा, पातळ असतं, दोन भाग जुळवून धरा आणि फटीला ब्रश टेकवा, आपोआप आत ओढलं जातं. ते प्लास्टिक जरासं विरघळवून सांधतं, म्हणजे वेल्डिंगच. बोट मात्र फटीवर ठेवू नका, नाहीतर तुमचा ठसा कायमचा उमटतो. इंजिन, चासी, सीट हे सगळं ब्रशने अ‍ॅक्रिलिक रंगात पावसाळ्यातही होतं. क्रोमच्या भागांना मात्र गोंद धरत नाही, जिथे चिकटवायचंय तिथे ब्लेडने खरवडून क्रोम काढा. 

आता बॉडी. सगळं मॉडेल याच्यावर ठरतं, इंजिन कोण बघायला जातं. आधी भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा, कारण साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा असतो, त्यावर रंग फाटून गोल गोल खड्डे पडतात. शॅम्पूच्या रिकाम्या बाटलीवर डबल साइड टेपने बॉडी बसवा म्हणजे हात लागणार नाही. मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात. गाड्यांच्या दुकानातला स्वस्त प्रायमर मारायचा मोह होतो, पण काही ऑटो लॅकर प्लास्टिक खातात, त्यामुळे आधी उरलेल्या स्प्रूवर मारून बघा, मगच बॉडीवर.

कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, उकळत्या पाण्यात अजिबात नाही. पंधरा-वीस सेंटिमीटरवरून, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच बंद करायचा. पहिले दोन हात इतके हलके की खालचा प्रायमर दिसला पाहिजे, मग दहापंधरा मिनिटांनी एक ओला हात. बॉडी लगेच प्लास्टिकच्या डब्याखाली झाका, आपल्या रस्त्यांवरची धूळ चौथ्या मजल्यावर पण येते आणि ओल्या रंगात एकच केस पडला की दिवसभर तोच दिसतो.

वाळलंय का ते बोटाने बघू नका, नाकाने बघा. बॉडीजवळ नाक नेल्यावर थिनरचा वास येतोय म्हणजे अजून ओलं आहे, वास गेला की मास्किंग करा, म्हणजे जिथे पुढचा रंग नकोय तो भाग टेपने झाका. घरातले विचारतील गाडी हुंगतोयस कशाला, विचारू दे.

दोन रंगांची गाडी करायची असेल, जे १९५० च्या दशकातल्या गाड्यांना फार शोभतं, तर फिकट रंग आधी. मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर खालच्याच रंगाचा एक हलका हात मारा, कडेतून गळायचं ते त्याच रंगाचं गळेल, त्यावर मग दुसरा रंग. रंग पूर्ण कडक व्हायच्या आत टेप स्वतःवर उलटी दुमडून काढा.

एनॅमल किंवा अ‍ॅक्रिलिक बिघडलाच तर घाबरू नका, पाणी न घालता डेटॉलमध्ये रात्रभर बुडवा, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासा. लक्षात ठेवा, ब्रश आणि बॉडी डेटॉलमध्येच धुवायची, लगेच पाणी लावलं तर रंगाचा डांबरासारखा चिकट लगदा होतो. आणि घराला दोन दिवस दवाखान्याचा वास येतो.

फटींमध्ये पातळ केलेला एनॅमल सोडताना काळा नको, लाल-पिवळ्या गाडीला गडद तपकिरी घ्या, काळा कार्टूनसारखा दिसतो. खिडक्यांच्या क्रोम कडांना चिकटणारी धातूची फॉइल मिळते, ती थोडी मोठी कापा, टूथपिकने दाबा, नव्या ब्लेडने कडेने कापा, ब्लेड जुनी असली की फॉइल फाटलीच म्हणून समजा.

काचा सगळ्यात शेवटी, आणि त्याला पांढरा फेव्हिकॉल वापरा, वाळला की पारदर्शक होतो आणि सांडला तरी ओल्या कापडाने पुसता येतो. फेव्हिक्विकची वाफ काचेवर पांढरी पडते, त्यामुळे त्या दिवशी ती ट्यूब टेबलावर नको.