फायलोड्स गाठ: किती कापायचं, हे ठरवताना

माझ्या स्तनातली गाठ लिंबाएवढी होती. रिपोर्टात ‘घातक फायलोड्स’ (स्तनातल्या गाठीचा एक दुर्मिळ प्रकार, त्यातला कॅन्सरचा) वाचलं आणि मी म्हटलं, अख्खा स्तनच काढून टाका. बरं झालं, थांबले.

आधी स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने, मागून घ्या, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला (नमुने तपासणाऱ्या डॉक्टरला) दाखवा. साधी, सीमेवरची (दोन्हींच्या मधली) की घातक, हे ओळखणं खरंच अवघड असतं.

मग सर्जनला विचारा: गाठीभोवती निदान १ सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन ती निघेल का? मी वहीत स्तनाचं चित्र काढून पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चित्रात आधी गाठ रेखाटली, मग बाहेरून कापायची तुटक रेघ. किती उरणार, ते तेव्हा डोळ्यांना दिसलं. एवढा भाग घेऊनही आकार राहत असेल, तर स्तन वाचवता येतो. गाठ मोठी आणि स्तन लहान असेल, तर पूर्ण काढणंच बरं. पुनर्रचनेचं तेव्हाच विचारून ठेवा.

काखेतल्या ग्रंथी सहसा काढत नाहीत, कारण हा आजार तिथे क्वचितच जातो. ‘काढणार’ म्हणाले तर कारण विचाराच.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात मार्जिनचा, म्हणजे गाठीभोवती निघालेल्या निरोगी भागाच्या रुंदीचा, आकडा बघा. माझा एका बाजूला कमी आला, पुन्हा टेबलावर जावं लागलं. ही शक्यता घरच्यांना आधीच सांगून ठेवा.