डेबियन चढवताना भाषेचा प्रश्न

लॅबमधल्या वीस संगणकांवर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची होती. भाषा, कीबोर्ड सगळं सर्व्हरवरच्या प्रीसीड फाइलमध्ये (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन ठेवणारी फाइल) लिहिलं आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर वीसही पडदे भाषा विचारत थांबलेले! फाइल नेटवर्कवरून येण्याआधीच हे प्रश्न येतात, हे मी विसरलो होतो. म्हणून बूटच्या ओळीतच (इन्स्टॉलर सुरू करताना द्यायची आज्ञा) 'ऑटो=ट्रू' द्या, म्हणजे फाइल मिळेपर्यंत हे प्रश्न मागे राहतात. नाहीतर लोकेल (भाषा आणि देश) आणि कीमॅप (कीबोर्डची मांडणी) त्याच ओळीत लिहा. इन्स्टॉलर मराठीत हवा असेल तर ग्राफिकलच घ्या, टेक्स्टवाल्यात मराठी मिळत नाही. कीमॅप मात्र मी 'यूएस'च ठेवतो. पासवर्ड देवनागरीत कोण बडवणार? टाइमझोन 'एशिया/कोलकाता'. मुंबई शोधत बसू नका, यादीत नाही.